विमान चुकलेली माळ

माझ्या हातच्या भोकाला सगळ्या तामारुआ गावात तोड नव्हती. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण आता ते दुसरं कुणी सांगायचं नाही.

पुपू ही चिमुकली गोगलगाय, तिचा शंख असतो करंगळीच्या नखाच्या अर्ध्याएवढा. पाऊस पडून गेला की कड्याच्या खडकातून, जिथं पाय सरळ ठेवायला जागा नाही तिथून, हे जीव ओलाव्याला बाहेर येतात आणि आम्ही बाया ओणव्या होऊन ते वेचतो. उकळून वरचं काळं साल काढलं की शंख पिवळाधमक निघतो. मग एकेकाला सुईनं भोक. भोक नेमक्या जागी पडलं तर माळेतले सगळे शंख एका कुशीवर झोपतात. केसभर चुकलं तर एकाचं तोंड डोंगराकडं, एकाचं समुद्राकडं. जो माणूस बेट सोडून जातो त्याच्या गळ्यात ही माळ घालायची. आमच्या मांगाइयाहून कुणी रिकाम्या गळ्यानं गेलं तर ती घरच्यांची नाचक्की.

माझे शंख चाळीस वर्षं एका कुशीवर झोपले. गावातल्या निम्म्या बायांना मी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवली. माझी भावजय ताओई ही दुसऱ्या निम्म्यातली. ती डावखुरी, तिची सुई उलट्या अंगानं शिरायची आणि मला ते बघवायचं नाही. "ताओईच्या भोकातून बकरी जाईल," असं मी चारचौघीत म्हणायची. बाया हसायच्या. ताओईही हसायची, म्हणून मला वाटायचं की तिला काही लागत नाही.

माझा नवरा गेल्यावर मी माहेरच्या घरी परत आले. मग भाऊही गेला. आता त्या घरात आम्ही दोघीच. बाकीचे सगळे भिंतीवर. बाहेरच्या खोलीत दारापासून ओळीनं तसबिरी आहेत आणि प्रत्येकीच्या खिळ्याला माळा. गेलेल्यांनाही माळ घालतो आम्ही, तेही निघूनच गेलेले असतात.

दोन वर्षांपासून माझ्या डोळ्यांत दूध पडायला लागलं. आधी सुईचं टोक गेलं, मग शंख गेला, मग माणसांचे चेहरे गेले. दवाखान्यातली नर्स आमच्याच गावची आहे, तिला डोळे दाखवले असते तर जेवणाच्या आत सगळ्या गावाला कळलं असतं. त्यामुळं गेले नाही. घर मला पाठ होतं. माणसं मी आवाजावरून ओळखत होते आणि कुणी शंखांचं विचारलं तर सांगत होते, "कुठले गं शंख, पाऊस तरी पडतोय का धड?"

तशात पाद्रीबाबांची बदली झाली. आठ वर्षं त्यांनी आमच्या चर्चमध्ये काढली, आणि त्यांची बायको मरेता तर आमच्यातलीच होऊन गेली होती. बायांच्या बैठकीत रुतानं उठून जाहीर केलं, "पहिली माळ अकाईतीताईंची. त्यांच्यानंतर आमच्या." रुता आमची शेजारीण. तिचा आवाज असा की तिनं घरात उसासा सोडला तरी रस्त्यावर ऐकू येतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच, त्या क्षणी, मला म्हणता आलं असतं की बायांनो, मला आता दिसत नाही. मी म्हणाले, "बघू या, वेळ मिळाला तर." ते म्हणजे माझा होकार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्याकडं बरणीभर उकळलेले पुपू होते. मी मागच्या पडवीत बसून भोकं पाडायला घेतली. बोटांना सवय आहे, बोटं बघतील, असं मी स्वतःला बजावलं. बोटांनी काही बघितलं नाही. दहातले आठ शंख फुटले, उरलेल्या दोनांत एकदा सुई माझ्या अंगठ्यात गेली. तुकडे मी पदराखाली लपवल्यासारखे मुठीत धरून नेले आणि कोंबड्यांपुढं फेकले. चार दिवसांत बरणी अर्धी झाली आणि माळेला वीतभरही लांबी आली नाही. जी आली तिच्यावरून बोट फिरवलं तर शंख करवतीसारखे लागत होते.

ताओईला काहीतरी जाणवलं असावं. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"वन्सं, भोकं मी पाडू का? तुम्ही नुसतं ओवा."

"का? पाद्रीबाईंना बकऱ्या न्यायच्यात का बरोबर?"

"नाही, म्हटलं वेळ थोडा आहे."

"वेळेचं मी बघते. तू अळूचं बघ."

ती उठून गेली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे इथं सांगितलंच पाहिजे.

गुरुवारी ताओई अळूच्या वाफ्यात गेल्यावर मी बाहेरच्या खोलीत आले. माझ्या आईच्या तसबिरीला माझ्याच हातची जुनी माळ होती, वीस वर्षांपूर्वीची, माझे डोळे चांगले असतानाची. मी मनाशी म्हटलं, आईची वस्तू आहे, लेकीची अब्रू वाचत असेल तर आई नाही म्हणणार नाही. गेलेल्या माणसाच्या गळ्यातलं काढून जित्याच्या गळ्यात घालायचं हे आमच्याकडं कुणी करत नाही. करू नये असंही कुणी सांगत नाही, कारण ते सांगावं लागेल असं कुणाला वाटलेलं नाही.

भिंतीवरून हात नेत मी तसबिरी मोजल्या. पहिले वडील, दुसरी आई. तिसरा ताओईचा मुलगा नूरोआ, मग माझा भाऊ, मग माझा नवरा. दुसऱ्या खिळ्यावरची माळ काढली, साबणाच्या पाण्यात धुतली, खोबरेल तेलाचं बोट लावून पुसली आणि केळीच्या पानात गुंडाळून ठेवली. गाठ तेवढी चाचपली नाही, शंख एका कुशीवर होते. बोटांना ते कळलं आणि मला माझ्या हाताचा अभिमानसुद्धा वाटला. इतकी मी निलाजरी.

शुक्रवारी दुपारी सभागृहात निरोपाचं जेवण होतं. सकाळीच भट्ट्या लावल्या होत्या. डुकराचं मांस, अळकुड्या, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, सगळ्याचा वास दाटला होता. भाषणं झाली, रडून झालं. मग ढोल वाजला आणि रुतानं आरोळी दिली, "अकाईतीताई!"

मी नाचत पुढं गेले. सहासष्टाव्या वर्षीही कंबर साथ देते माझी. मरेताच्या गळ्यात माळ घातली, तिचे गाल हुंगले. रुतानं माळ हातात धरली आणि सगळ्यांना ऐकवलं, "बघा गं, शिका काहीतरी. एक शंख कुशीवरून हललेला नाही." बायांनी वाहवा केली. मी मान हलवली, म्हणजे त्यात काय विशेष, अशी.

मरेता माळ चाचपत होती. तिनं गाठ पुढं घेतली आणि मला विचारलं, "अकाईतीताई, गाठीजवळ हा एकच काळा कसा हो? न उकळलेला राहिलाय का?"

मी बोटानं गाठ चाचपली, शेजारचा शंख सालासकट होता.

काळा शंख असलेली माळ आमच्या घरात एकच होती, आणि ती आईची नव्हती. बारा वर्षांपूर्वी नूरोआ समुद्रापलीकडं, टोकोरोआला निघाला, तिथल्या लाकडाच्या कारखान्यात काम मिळालं होतं त्याला. निघायच्या आधी पाऊस झाला तर पोरगं आईबरोबर खडकात पुपू वेचायला गेलं. एक शंख त्यानं आईच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, हा उकळू नकोस, हा घरच्या रंगाचाच असू दे. ताओईनं त्याच्यासाठी माळ केली आणि तो काळा शंख गाठीजवळ घातला. मी ती माळ बघितली आणि चारचौघीत सरळ कात्री मागितली. म्हटलं, "शंखांची तोंडं दहा दिशांना, त्यात हा किडका दात. आमच्या घरातून असली माळ विमानात जाणार नाही. पुन्हा कर." दोरा मी माझ्या हातानं कापला. शंख ताटलीत सांडले. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

ताओईनं नवे शंख घेतले, नवी भोकं पाडली, तो काळा मात्र ताटलीतून उचलून पुन्हा गाठीजवळ घातला. सकाळी विमान निघालं तेव्हा ती घरी बसून शेवटची गाठ मारत होती. पोरगं फुलांचा हार घालून गेलं. माळ पुढच्या विमानानं पाठवू, पुढच्या पाठवू म्हणत राहिली. सात महिन्यांनी तिथं रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं आणि तो पेटीतून परत आला. तेव्हापासून ती माळ त्याच्या तसबिरीला. त्याच्या खिळ्याला दुसरी माळ नव्हतीच.

मोजताना माझा हात एका खिळ्यानं पुढं गेला असणार. मी दुसरी म्हणून तिसरी काढली होती.

हे सगळं मला सांगायला वेळ लागतो, तिथं लागला नाही. मरेता उत्तराची वाट बघत होती.  आणि मांसाच्या थाळ्यांवरच्या माश्या वारत बसलेली ताओई तिथूनच म्हणाली, "तो मुद्दाम घातलाय, बाई. जाणाऱ्याबरोबर एक घरच्या रंगाचा द्यायचा, म्हणजे वाट सापडते. आमच्या वन्संची रीत आहे ती."

"अगं बाई, किती छान," मरेता म्हणाली आणि तिनं तो शंख ओठांना लावला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. उभी राहून हसले मी, आणि पुढच्या बाईला वाट करून देत जागेवर जाऊन बसले. चेहरा असा तापला होता की वाटलं शेजारणीला धग लागेल. ताओईला माळ ओळखू आली होती. अर्थात ओळखू आली होती, आईच ती. आणि खिळा तर तिनं गुरुवारीच रिकामा बघितला असणार. तरी तिनं मला झाकलं. मी बारा वर्षांपूर्वी तिला चारचौघीत उघडं पाडलं होतं आणि तिनं मला चारचौघीत झाकलं. आणखी एक गोष्ट मला तिथं बसल्या बसल्या समजली. रुतानं ज्यांची वाहवा केली ती भोकं डाव्या हाताची होती. बकरी जाणारी.

घरी आल्यावर ती काहीतरी बोलेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. तिनं अळकुडी भाजली आणि मधला मऊ भाग माझ्या पानात वाढला.

"पाय दुखत असतील नाचून. तेल लावून देऊ का?"

"नको."

"द्या हो इकडं." आणि लावून दिलं. लावताना गुणगुणत होती.

मला वाटलं, ही शालजोडीतले देतेय. तोंडानं बोलायचं नाही, मायेनं मारायचं. पण ताओईला तसलं काही जमत नाही, हेही मला माहीत होतं. ती इतकी हलकी मी पोरगं गेल्यापासून बघितली नव्हती. शनिवारी तिनं माझी रविवारची टोपी उन्हात ठेवली, तिच्या पट्टीला ताजी फुलं खोवली. स्वतःशीच हसत होती. मी तिच्याकडं पाठ करून बसले तर समोर येऊन बसली.

"वन्सं, सोमवारी विमानतळावर आपण पुढं उभ्या राहू हं. दरवेळी मागं राहतो आणि काही दिसत नाही."

"काय बघायचंय एवढं?"

"माळ जाताना बघायचीय," ती म्हणाली. अगदी सरळ म्हणाली.

याहून जास्त मला कुणी कधी मारलेलं नाही. रविवारी मरेता तीच माळ घालून चर्चमध्ये बसली आणि ताओई माझ्या शेजारी उभी राहून छत उडेल इतक्या जोरात गायली. मी नुसते ओठ हलवले. मनात एकच चाललं होतं, सोमवारी सकाळी ते विमान उडालं की त्या पोराची एकुलती माळ जाते, आणि ती मी घालवलेली असते, दुसऱ्यांदा. एकदा जाऊ दिली नाही आणि एकदा घालवली. बोलायचं असेल तर विमानाआधी बोलायला हवं होतं.

सोमवारी आम्ही ट्रकच्या मागं बसून बेटाच्या पलीकडच्या टोकाला, विमानतळावर गेलो. पाद्रीबाबांचं सामान तोललं, मग पाद्रीबाबांना तोललं, त्यावर नेहमीचे विनोद झाले. मरेताच्या गळ्यात हनुवटीपर्यंत माळा होत्या. ताओईनं मला कोपरानं ढकलत पुढं नेलं. मला चेहरे दिसत नव्हते, पण पिवळा रंग दिसत होता. मरेता एकेकीला मिठी मारत माझ्यापर्यंत आली.

मी माळांमध्ये हात घातला आणि गाठी चाचपत गेले. गाठीशेजारी ज्या शंखाला साल होतं, तो खरखरीत लागला. ती माळ घट्ट धरली.

"ही माझी नाही," मी म्हणाले. "मी चोरलीय. नूरोआच्या फोटोवरून काढली मी ही. केलेली ताओईची आहे. माझी माळ पुरी झाली नाही आणि मला गावात नाक वर करून चालायचं होतं म्हणून चोरली. परत द्या."

ढोल वाजवणारे थांबले. रुता "काय बोलताय ताई" इतकंच म्हणाली, तेही हळू. रुता हळू बोलू शकते हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

मरेतानं डोक्यावरून माळ काढली. शंख वाजले. "ताओई, मला माहीत नव्हतं गं."

"राहू द्या, बाई," ताओई म्हणाली. "घाला ती. घेऊन जा."

"कशी नेऊ? पोराची आठवण आहे."

"न्या म्हणते ना मी. न्या."

"तुझं मन मोठं आहे. पण मी नेणार नाही, मला घास जायचा नाही."

ताओई तिसऱ्यांदा म्हणाली, या वेळी आवाज चिरकला. "न्या हो, बाई." पण आमच्याकडं दिलेलं परत घेताना तीनदा नको म्हणायचंच असतं, त्यामुळं कुणी ते मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मरेतानं माळ ताओईच्या गळ्यात घातली, तिला छातीशी धरलं आणि पायऱ्या चढून गेली. विमान उडालं.

परतताना ट्रकमध्ये माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. ते मी समजून होते. उलट मला जरा सुटल्यासारखं वाटत होतं, अगदी खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटत होतं स्वतःचं. एवढ्या लोकांसमोर चोर म्हणवून घेणं सोपं नाही. एक गोष्ट मात्र मी तिथंही गिळली. हात चुकला, दिसलं नाही, मला आईची काढायची होती, हे मी बोलले नाही. चोर म्हणून घेतलं, आंधळी म्हणून घेतलं नाही.

घरी आल्यावर ताओई बाहेरच्या खोलीत थांबली. गळ्यातली माळ काढून तिनं माझ्या हातात दिली.

"तुम्ही काढलीत, तुम्हीच लावा."

हे रास्त होतं. मी भिंतीजवळ गेले. या वेळी चुकायचं नव्हतं. पहिले वडील, दुसरी आई, तिसरा नूरोआ. तिसऱ्या खिळ्याला माळ अडकवली, तसबिरीच्या काचेवरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाले, "घे रे बाबा. चुकले मी."

मागून ताओईची पावलं जवळ आली. 

"वन्सं," ताओई म्हणाली, "त्या सासूबाई आहेत."

"काय?"

"तुमच्या आई. नाताळला भिंतीला रंग दिला तेव्हा मी दोन फोटोंची माळांसकट अदलाबदल केली. पोराच्या तोंडावर खिडकीतलं ऊन येत होतं, रंग उडत चालला होता त्याचा. सहा महिने झाले."

मी हात खाली घेतले. बोटांना लागलेल्या माळा दोन होत्या, घाईत मी एकच धरली होती. म्हणजे मोजताना मी चुकले नव्हते. दर रविवारी चर्चला निघताना मी दुसऱ्या तसबिरीला हात लावून आईला "येते हं" म्हणत आले होते. सहा महिने मी ते नूरोआला म्हणत होते, आणि ताओई ते दरवेळी बघत, ऐकत असणार.

"तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली. विचारलं नाही तिनं, नुसतं म्हणाली. "कोंबड्यांपुढं ते तुकडे पडलेले. मला वाटलं, पसंत पडले नाहीत म्हणून फोडलेत." ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. "मग गुरुवारी तुम्हाला कुणाची माळ काढायची होती?"

"आईची."

"पोराची नाही?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "नाही."

ती खाली चटईवर बसली. तिचं बसणं मला ऐकू आलं, एखादी ओझ्याची टोपली टेकवावी तसं.

"मला वाटलं, ठरवून काढलीत," ती म्हणाली. "खिळा रिकामा बघितला आणि आधी माझं डोकं फिरलं. मग सभागृहात तुम्ही ती घालायला निघालात आणि मला वाटलं, ही तीच माळ, विमान चुकलेली. वन्संनी अडवली होती ना, आता वन्संच पाठवतायत. तोंडानं बोलायला जमत नाही त्यांना, म्हणून अशी पाठवतायत. बारा वर्षं मी वाट बघितली की तुम्ही कधीतरी एक शब्द बोलाल. म्हटलं, हाच तो शब्द." तिनं नाक ओढलं. "मी तीनदा म्हणाले हो, न्या म्हणून. तुम्ही तरी ऐकायचं होतं."

 तेल लावणं, फुलं खोवणं, चर्चमधलं गाणं, सगळं एकेक करून माझ्यापुढं येऊन बसलं. त्या तीन दिवसांत तिनं मला माफ केलेलं होतं. ज्या गोष्टीसाठी केलं, ती मी केलीच नव्हती. आणि माळेची जी पाठवणी आपोआप होत होती ती मी माझ्या मनाच्या शांतीसाठी सगळ्या गावासमोर मोडून आले होते.

ताओई उठली. तिसऱ्या खिळ्यावरची पोराची माळ काढून तिनं दुसऱ्याला लावली. काचेवर शंखांचा बारीक आवाज झाला.

"मी त्याला सांगून बसले, वन्सं," ती म्हणाली. "शुक्रवारीच सांगितलं. आत्यानं माफी मागितली तुझी, म्हणून."

"ताओई..."

"आता काय ते तुम्हीच सांगा त्याला. दारापासून दुसरा." आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला मागं निघून गेली.

मी भिंतीला हात लावून एक, दोन असं मोजलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. समोर नुसतं पांढरं होतं. मागच्या अंगणात कोंबड्या भांडत होत्या, त्यांचं भांडण मिटेपर्यंत मी तिथंच होते, आणि तोवर तोंडातून एक शब्द फुटला नाही.